दमणी लावलेली फटफटी

मला बैल कधीच आवडले नाहीत. शेतकऱ्याच्या घरात जन्म घेऊन असं बोलणं शोभत नाही, पण खरं ते सांगतो. लहानपणी आमच्या एका बैलानं माझ्या पायावर खूर ठेवला आणि तो काही केल्या उचलेना. मी बोंब ठोकली, तर वडील तिकडून मलाच ओरडले, ‘त्याले घाबराडू नको रे!’ माझा उजवा अंगठा आजही वाकडा आहे.

वडिलांचा सगळा जीव बैलांत. पाहुण्याचा बैल आपल्या दारात लंगडला, तर आपला बैल जुंपून पाहुण्याला घरी पोचवायचं, ही आमच्याकडची रीत. एकदा ऐन पेरणीत वडिलांनी असा आपला बैल दिला आणि मग स्वतः शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या मिनतवाऱ्या करत फिरले. मी चिडून विचारलं, तर म्हणाले, ‘आपला दारमा पडना ना तो? मंग तो आपलाच शे.’ मला हे तेव्हा शुद्ध वेडेपणाचं वाटलं होतं.

मला लोखंड आवडायचं. लोखंडाला भूक लागत नाही, ते रुसत नाही, आणि बिघडलं तर का बिघडलं ते उघडून बघता येतं. वडील गेल्यावर मी जळगावच्या एका कापसाच्या जिनात फिटर म्हणून लागलो. जमीन चुलत्यांनी कसायला घेतली, बैल आणि दमणी विकली, आणि आईला घेऊन मी पिंप्राळ्याच्या वाटेवर दोन खोल्यांत राहायला आलो. दमणी म्हणजे आमच्याकडची बायकामाणसांना बसायची छपराची बैलगाडी. तिच्यातल्या दोनच वस्तू आईनं विकू दिल्या नाहीत, बैलांच्या गळ्यातल्या घुंगुरमाळा. तिसरी वस्तू घरातली, झोक्याचा दोर.

हा दोर अखाजीसाठी. अक्षय तृतीयेला आम्ही अखाजी म्हणतो. त्या सणाला सासरी गेलेली लेक माहेरी यायलाच हवी. दारच्या निंबाला झोके बांधतात, पोरी त्यावर उभ्या राहून गाणी म्हणतात, आणि सासरी वर्षभर मिटलेलं तोंड तिथं उघडतं. तिला आणायला भाऊ जातो. त्याला मुराळी म्हणायचं. बहीण उंबऱ्याशी उभी राहून मुराळ्याची वाट बघते, आणि तो आला नाही तर गावातल्या इतर सुनांची गाडी निघताना बघत बसते.

माझी धाकटी बहीण पारोळ्याच्या पुढे, धुळ्याच्या वाटेवरच्या एका खेड्यात दिलेली. वडील असतानाच लग्न झालं. घर खाऊनपिऊन सुखी, नवरा शांत. पण तिचे सासरे, ज्यांना सगळं गाव आबा म्हणे, ते रीतीचे मोठे पक्के. वडील गेल्यानंतरच्या पहिल्या अखाजीला मी सर्विस मोटारीनं तिला आणायला गेलो. आबांनी पाणी दिलं, गूळ दिला, माझी विचारपूस केली आणि मग म्हणाले, ‘सून आमना घरमा दमणीमा उनी, दमणीमाच जाई. चार परका मानसेसमा मोटारमा बसाडीसन मी तिले धाडाव नई.’ आवाज चढवला नाही. त्यामुळे भांडायलाही जागा राहिली नाही. मी रिकाम्या हातानं परतलो. आईनं झोका बांधून ठेवला होता. तिनं तो तसाच सोडला आणि दोर गुंडाळून ठेवला.

दुसऱ्या वर्षी मी शहाणा झालो, महिनाभर आधी दमणी शोधायला लागलो. पण अखाजीला दमणी उसनी मागणं म्हणजे दिवाळीला दुसऱ्याच्या घरची पणती मागणं. ज्याच्याकडे दमणी, त्याच्याकडे लेक किंवा बहीण असतेच. शेवटी एकानं मालाचा उघडा गाडा देऊ केला. त्यात आबांची सून बसणार नाही हे मला इथूनच दिसत होतं. त्या वर्षी मी गेलोच नाही. त्या दिवशी आईनं पुरणाच्या पोळ्या केल्या आणि स्वतः दोन घास खाऊन उठली. मला तेव्हा आबांचा असा राग आला की जिनात दिवसभर मी कुणाशी धड बोललो नाही.

दुसरी मोठी लढाई संपली आणि लष्कराच्या मोडीत निघालेल्या गाड्या भंगारवाल्यांकडे येऊ लागल्या. भुसावळच्या एका भंगाराच्या ढिगात मला ती दिसली. फटफटी म्हणायचं ते तिला सवयीनं. फट्‌ म्हणण्याइतकाही जीव तिच्यात नव्हता. टाकीला पोचे, पुढचं स्प्रिंग तुटलेलं, बसायच्या जागी नुसती लोखंडी दांडी, आणि साखळी गंजून काठीसारखी ताठ. पण इंजिन जाम नव्हतं. मी चाक हातानं फिरवलं, तर आत पिस्टन हलला. मला तिथंच सुचलं की बैल मिळत नाहीत, तर बैलांची जागा ही घेईल. दमणी मात्र दमणीच ठेवायची.

माझा पगार फिटरचा. ती मोडीच्या भावात घेतली, तेवढ्यात खिसा झाडून मोकळा झाला. पुढचं सगळं कामाच्या बदल्यात काम असं जमवलं. तांबटाच्या भात्याची गळती काढून दिली, त्यानं टाकीचे पोचे काढले. शिंप्याचं मशीन नीट केलं, त्यानं जाड कापडाची गादी शिवून दिली, आत भरायला कापूस मी जिनातल्या झाडणीचा नेला. पिस्टनच्या रिंगा मिळेनात. एका मोठ्या इंजिनाच्या टाकलेल्या रिंगा कानशीनं घासून घासून मापाला आणल्या. घासताना माझी बोटं काळी पडायची आणि जेवताना आई म्हणायची, ‘तुन्हा हातथून भाकर बी लोखंडनी लागी.’

उन्हाळ्यात जिन बंद असतो आणि यंत्रांच्या दुरुस्त्या चालतात. दिवसभर मालकाची यंत्रं, संध्याकाळी माझी. इंजिन पहिल्यांदा सुरू झालं, तेव्हा शेजारची सगळी मंडळी दारात आली. काही हसली, काही निघून गेली. मी मात्र इतका खूश झालो की आईला मिठीच मारली. ती बिचारी पदराला लागलेलं तेल बघत बसली.

आता दमणी. फटफटीच्या बाजूला जोडायचा पाळणा मी साहेबलोकांच्या गाड्यांना पाहिला होता, पण तो बुटासारखा दिसतो. त्यात आबांची सून बसवणं म्हणजे पुन्हा तेच. म्हणून मी सुताराकडे गेलो. हा सुतार आयुष्यभर दमण्याच बांधत आलेला. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, ‘बैल कोठे शेत?’ मी फटफटी दाखवली. तो तिच्याभोवती एक फेरी मारून आला आणि म्हणाला, ‘एकच चाक लागी मंग.’ त्यानंतर त्यानं एकही शंका काढली नाही.

खालचा सांगाडा मी पाण्याच्या जुन्या नळांचा जोडला. वरची दमणी त्यानं केली: बांबूच्या कमानी, त्यावर तट्टा, तट्ट्यावर कापड, आत गादी, दोन्ही बाजूंना धरायला कडी, आणि पडदा. कुठल्याही लग्नाच्या दमणीत असावं तसं सगळं, फक्त लहान. त्याच्या बदल्यात मी त्याला दोन नव्या पटाश्या घडवून दिल्या. आईनं पेटीतून घुंगुरमाळा काढल्या. एक मी हँडलला बांधली आणि एक दमणीच्या कमानीला.

आईला बसवून एक फेरी मारली. तिनं डोळे गच्च मिटले, कमान घट्ट धरली आणि उतरल्यावर म्हणाली, ‘बरं शे. पन बैलेसना वास नई.’

एक अडचण निघाली. दमणीत कुणी नसलं की डावीकडे वळताना तिचं चाक उचलायचं आणि सगळा डोलारा कलंडायला बघायचा. म्हणून जाताना वजनासाठी मी दमणीत सरकीचं पोतं ठेवलं. जिनात काम करणाऱ्याला सरकीची काय वाण? दुसऱ्यानं दगड भरले असते. पेट्रोल तेव्हा कुपनावर मिळे. महिनाभर वाचवून एक डबा भरला. अखाजीच्या चार दिवस आधी, उन्हं वर यायच्या आत, मी निघालो. आई दारात उभी होती. झोक्याचा दोर तिच्या हातातच होता. ‘लई ये तिले,’ घेऊन ये तिला, एवढंच म्हणाली. हे तिचं वाट बघण्याचं तिसरं वर्ष होतं, आणि मला कळत होतं की या वेळी रिकामा आलो तर ती दोर पेटीत ठेवील तो कायमचा.

गिरणा ओलांडली, एरंडोल गेलं, पारोळ्याला चहा घेतला. रस्त्याकडेची गुरं पळत होती, माणसं थांबून बघत होती. घुंगरं वाजत होती आणि इंजिनही. उघडं सांगायचं तर मी गाणं म्हणत होतो. पारोळ्याच्या पुढे वाट कच्ची. तिथं फटफटी धापा टाकायला लागली, पण थांबली नाही. ऊन चढता चढता मी आबांच्या दाराशी पोचलो. बहीण उंबऱ्यात होती. तिनं आधी घुंगरं ऐकली, मग मला पाहिलं, आणि तोंडावर पदर घेऊन आत पळाली.

आबा बाहेर आले. त्यांची स्वतःची दमणी घेऊन त्यांचा मुलगा, म्हणजे माझ्या बहिणीचा नवरा, आदल्या दिवशीच आबांच्या लेकीला आणायला गेला होता; घरात आबा, सासू आणि बहीण एवढीच. आबांनी फटफटीकडे पाहिलंच नाही. ते सरळ दमणीकडे गेले. कमान दाबून पाहिली, तट्टा पाहिला, पडदा सारून आत वाकले, गादीवर हात फिरवला. चाक हलवून पाहिलं. शेवटी त्यांनी घुंगुरमाळ हातात घेतली आणि विचारलं, ‘तुमना बापना बैलेसनी का?’

‘हो.’

‘दमणीच शे,’ ते म्हणाले. ‘जाऊ द्या मंग सूनले.’

आतून काही पडल्याचा आवाज आला. बहिणीनं घाईत पितळी पाडली असावी. थोड्याच वेळात ती गाठोडं घेऊन दाराशी आली. आणि तिच्या मागून सासू आली, हातात पाण्याचा तांब्या.

ती माउली फार मायाळू. मुराळी आला की तिनं त्याच्यावरून भाकरतुकडा ओवाळायचा आणि त्याच्या बैलांच्या पायांवर पाणी घालायचं, हे ती गेली कित्येक वर्षं करत आलेली. तिनं माझ्यावरून तुकडा ओवाळला. मग फटफटीच्या पुढच्या चाकावर पाणी घातलं, मागच्या चाकावर घातलं. मी हात जोडून उभा, भरून आलेला. तिनं इंजिनाजवळ हात नेला आणि झळ लागताच मागे घेतला. ‘माय व! बठ्ठं आंग तपी गयं येनं. एवढा लांबथून पयत उना बिचारा,’ असं म्हणाली आणि मी तोंड उघडायच्या आत उरलेला तांब्या तिनं इंजिनावर रिता केला.

चर्र झालं, वाफ उठली, आणि त्या वाफेतून एक आवाज आला. सुपारी फुटावी इतकाच. फिटरला असा आवाज दोनदा ऐकावा लागत नाही. तरी मी खाली बसून पाहिलं. सिलिंडरला वरून खालपर्यंत तड गेली होती. मी किक मारली, तर आतली हवा त्या तडीतून फुसकन बाहेर आली. पुन्हा मारली, पुन्हा तेच.

‘काय व्हयनं?’ आबांनी विचारलं.

मी म्हणालो, ‘संपलं, आबा. आता ही चालायची नाही.’

सासूबाईंच्या हातातला तांब्या तसाच होता. त्या माझ्याकडे बघत होत्या, आणि त्यांना रागावणं मला जमेना. थकलेल्या जनावराला पाणी घातलं, त्यात त्यांचं काय चुकलं? मी बहिणीकडे पाहिलं. तिनं उंबऱ्याच्या आत बसून गाठोडं पुढ्यात घेतलं आणि त्याची गाठ सोडायला लागली. तीन वर्षांत तिला याची सवय झाली होती. मला ते बघवेना. मी दमणीच्या चाकाशी बसलो आणि लहान पोरासारखा रडलो. लाज नाही वाटली.

आबा माझ्याजवळ येऊन म्हणाले, ‘भाऊ, तुमनं जनावर आमना दारमा पडनं ना?’

मला वाटलं, ते सांत्वन करतायत. मी मान हलवली.

‘मंग आते पोचाडानं काम आमनं,’ ते म्हणाले, आणि गोठ्याकडे वळले.

मी तसाच बसून राहिलो. आबांनी शेताचे दोन बैल सोडून आणले. आणले ते सरळ फटफटीपुढे उभे केले. आबांना त्यांची दमणी नसल्याची अडचण नव्हती. दमणी तर दारात उभीच होती, तिला फक्त बैल नव्हते. एक जाड बल्ली आम्ही फटफटीचं पुढचं चाक धरणाऱ्या चिमट्याला कासऱ्यानं आवळून बांधली, तिला जू अडकवलं. सासूबाईंनी बैलांच्या पायांवर पाणी घातलं. या वेळी कुणाचं काही फुटलं नाही. मग त्यांनी स्वतः सुनेच्या गाठोड्याची गाठ पुन्हा मारली, तीही इतकी घट्ट की घरी आल्यावर आईला ती दातानं सोडवावी लागली.

असे आम्ही निघालो. पुढे बैल, मागे फटफटी, बाजूला दमणीत पडद्याआड बहीण. फटफटीच्या गादीवर मी, माझ्यामागे आबा, आणि त्यांच्या हातातले कासरे माझ्या दोन्ही खांद्यांवरून पुढे गेलेले. बैल वळले की बल्ली वळे, बल्ली वळली की हँडल आपोआप वळे. मला काही कामच उरलं नाही. इतके महिने खपून बांधलेल्या माझ्या यंत्रावर मी ओझ्यासारखा बसलो होतो, आणि ज्या प्राण्याशी माझं जन्मात जमलं नाही त्याची शेपटी माझ्या गुडघ्यावर आपटत होती. वाटेत एकानं विचारलं, ‘आबा, हाई काय शे?’ आबा गंभीरपणे म्हणाले, ‘दमणी.’

सकाळ-संध्याकाळ चालायचं, दुपारी झाडाखाली थांबायचं. आणि काय सांगू, वजनासाठी आणलेलं ते सरकीचं पोतं बैलांनीच खाल्लं. आबा मूठभर सरकी हातात घेऊन म्हणाले, ‘सरकी बरी आनी तुम्ही.’ मी बैलांसाठी आणली नव्हती, पण तसं सांगितलं नाही. बहीण पडद्याआडून हसली. आबांनी ते ऐकलं असावं. ते मुद्दाम बैलांना हाकारायला लागले.

अखाजीच्या आदल्या दिवशी सकाळी आम्ही पिंप्राळ्याच्या वाटेला लागलो. घुंगरं ऐकून आई बाहेर आली. ती वाट बघत होती इंजिनाच्या आवाजाची, आणि पुढ्यात आले दोन बैल. ती क्षणभर माझ्याकडे, मग आबांकडे बघत राहिली. मग तिला पडद्यातून बाहेर आलेला पाय दिसला आणि तिनं बाकी कशाकडे बघितलं नाही.

आबांना आम्ही ठेवून घेतलं. दुसऱ्या दिवशी, अखाजीला, जेवण झाल्यावर ते परत निघाले. बैल जुंपायला गाडी नव्हती. ते कासरे धरून पायीच जाणार होते. मी त्यांना वाटेला लावायला बरोबर निघालो. आळीच्या टोकाच्या निंबाजवळ आलो तर झोक्यावर आमची बहीण उभी, आळीतल्या पोरी भोवती, आणि ती गात होती. तिचा आवाज लहानपणापासून खणखणीत. चार घरं ओलांडून जायचा.

आबा थांबले. ‘हाई कोन गाणं म्हनी ऱ्हायनं?’

‘तुमची सूनच की, आबा.’

चार वर्षं सून त्यांच्या घरात होती. चार वर्षं त्यांना तिचं ‘हो’ आणि ‘नाही’ एवढंच ऐकू आलेलं. त्यांनी डोक्यावरची टोपी काढली, पुन्हा घातली. बैल पुढे ओढत होते, त्यांना त्यांनी आवळून धरलं. गाणं लांबलचक होतं. ते संपेपर्यंत आबा झाडाआड उभे राहिले, तिला दिसू नये असे.

मग चालायला लागल्यावर म्हणाले, ‘पुढला सालले तुम्ही येऊ नका, भाऊ. मीच लई येसू.’

मी म्हणालो, ‘तोवर मी सिलिंडर बदलतो, आबा. फटफटी चालेल.’

‘ती ऱ्हाऊ द्या,’ ते म्हणाले. ‘मीच लई येसू.’

ते जिवंत होते तोवर दर अखाजीला तिला तेच घेऊन आले. आणि दर वेळी गाणं संपल्याशिवाय परतले नाहीत.